किरवीची जात ओळखताना: आधी जागा, मग पोट, शेवटी नाव

दरवर्षी मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत माझ्या फोनवर किरव्यांचे फोटो यायला लागतात. बांधावरची किरवी, न्हाणीघरात शिरलेली किरवी, घाटात गाडीच्या दिव्यासमोर आलेली किरवी. खाली प्रश्न ठरलेला: "मॅडम, ही कुठली जात?" फोटो बहुतेक वेळा पाठीचा असतो आणि जागा लिहिलेली नसते. मी संगमेश्वर तालुक्यातली, गेली २२ वर्षं प्राणिशास्त्र शिकवते, आणि तरीही अशा फोटोवरून फार काही सांगू शकत नाही. ओळख कशी करायची ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आम्ही किरवी म्हणतो, ठाणे-रायगडकडे मुठे म्हणतात, तळकोकणात आणि गोव्यात कुर्ली. शास्त्रात या सगळ्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचं कुल गेकार्सिनुसिडी. नाव उच्चारायला जड आहे, पण चार-पाच वेळा मोठ्याने म्हटलं की जिभेवर बसतं. स्मिथसोनियन संग्रहालयात काम केलेल्या मेरी जेन रॅथबन यांनी १९०४ मध्ये हे कुल मांडलं. नाव ज्या प्रजातीवरून पडलं ती गेकार्सिनुकस आपल्याच घाटातली आहे. तिच्यातली जॅकमोन्टाय ही जात व्हिक्टर जॅकमाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या नावाने ओळखली जाते. तो १८३२ मध्ये मुंबईत वारला आणि पुढे १८४४ मध्ये पॅरिसमध्ये मिल्न एडवर्ड्स यांनी गेकार्सिनुकस ही प्रजाती मांडली. थोडक्यात, न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या एका मोठ्या कुलाच्या नावात सह्याद्रीचा खेकडा बसलेला आहे. हे मला कळलं तेव्हा मी एम.एस्सी.ला होते, आणि आमच्या पऱ्याकडे, म्हणजे घराजवळच्या ओढ्याकडे, त्यानंतर मी पूर्वीसारखं पाहिलंच नाही.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. कुल, त्याच्या पोटात प्रजाती, प्रजातीच्या पोटात जाती. वर्तमानपत्रात "खेकड्याची नवी प्रजाती सापडली" असं येतं तेव्हा बहुधा नवी जाती सापडलेली असते. हा गोंधळ वहीत शिरू देऊ नका, पुढे फार त्रास होतो.

पहिलं काम म्हणजे हा खेकडा याच कुलातला आहे का ते पाहणं. घाटमाथ्यावर आणि देशावर ही शंका जवळजवळ येतच नाही. कोकणात मात्र खाडीचं पाणी जवळ असतं. चिंबोरी ओळखायला सोपी: तिचे शेवटचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. फसवतो तो वरुणा लिट्टेराटा. तो खाडीतून वर चढत गोड्या पाण्याच्या ओढ्यापर्यंत येतो. त्याची पाठ चौकोनी, चपटी, कडेला ठळक दाते, आणि पायांच्या कडांना केसांची झालर असते, कारण तो पोहतो. आपली किरवी पोहत नाही, चालते. पाय गोलसर-टोकदार आणि झालर नसलेले असतील, पाठ फुगीर असेल, तर पुढे चला.

आता जागा. जागेला मी इतकं महत्त्व देते त्याचं कारण आधी सांगते, कारण ते समजलं की बाकी सगळं आपोआप जुळतं. समुद्रातल्या खेकड्यांची अंडी फुटली की डोळ्यांना दिसणारही नाहीत अशी डिंभकं निघतात आणि प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर वाहून जातात. किरवीच्या अंड्यातून थेट किरवीच बाहेर पडते, आठ पाय आणि दोन नांग्या असलेली, मसुराच्या दाण्याएवढी. आई तिला पोटाखाली घेऊन फिरते. माझे चुलत सासरे, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, रात्री बत्ती घेऊन किरव्यांना जायचे. लग्न होऊन आले त्या वर्षी मीही हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी एक मोठी किरवी उचलली, उलटी केली आणि माझ्यासमोर धरली. पोटाची पट्टी किंचित उघडी होती आणि आत फिकट पिवळसर पिल्लं एकमेकांवर चढत होती. "पाठ नको बगूस बाय, पोट बग. पोरावाळी हाय, सोडायची." मी मोजायला लागले, १४० पर्यंत पोचले आणि मग पाऊस वाढला. तात्यांनी तिला जिथून उचललं त्याच दगडाच्या कुशीत ठेवलं.

ज्या प्राण्याची पिल्लं आईच्या पोटाखालून उतरून त्याच ओढ्यात, त्याच कातळावर वाढतात, त्याला डोंगर ओलांडून जाणं कठीण. मधली खोल दरी, कोरडं पठार, मोठी नदी, सगळेच अडसर. दोन बाजूंच्या किरव्या हजारो पिढ्या एकमेकींना भेटल्या नाहीत की त्या वेगळ्या होत जातात. म्हणून सह्याद्रीत एका घाटातली लहान किरवी आणि पुढच्या घाटातली लहान किरवी दिसायला सारख्या असल्या तरी जात वेगळी असू शकते. नुसतं "कोकण" किंवा "रत्नागिरी जिल्हा" लिहून चालत नाही. गाव, वाडी, ओढ्याचं स्थानिक नाव, समुद्रसपाटीपासून उंची, अक्षांश-रेखांश आणि घाटाची कुठली बाजू, हे सगळं लिहायचं. फोनमध्ये हे आता एका बोटावर मिळतं.

अधिवासही नेमका लिहा. बांधातल्या बिळात, ओढ्यातल्या दगडाखाली, सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, सुट्या दगडाखाली, की जांभ्याच्या उभ्या भिंतीतल्या भोकात? झाडावर असेल तर किती उंचीवर? केरळात २०१७ मध्ये कानी मरंजंडू नावाची एक किरवी जगासमोर आली. ती मोठ्या झाडांच्या पाणी साठलेल्या ढोलीत राहते. तिथल्या कानी आदिवासींना ती माहीत होतीच आणि प्रजातीला नावही त्यांचंच दिलं. कुल हेच, गेकार्सिनुसिडी. झाडावर किरवी दिसली असं कुणी सांगितलं तर हसण्यावारी नेऊ नका, वहीत लिहा.

पाहायला कधी जायचं? जून आणि जुलै सर्वांत चांगले, रात्री आठनंतर, पाऊस नुकताच थांबलेला असताना. उन्हाळ्यात त्या बिळात खोल ओलीपर्यंत उतरून बसतात, खणून काढणं म्हणजे त्यांचा जीव घेणं. पायात बूट हवेत, हातात काठी आणि बरोबर दुसरा माणूस. ज्या बिळापाशी किरवी असते तिथेच फुरसंही असू शकतं, त्यामुळे बिळात हात कधीही घालायचा नाही. अभयारण्यात आणि राखीव जंगलात वनखात्याची परवानगी काढूनच जायचं.

किरवी धरायची ती मागून. अंगठा पोटाखाली, तर्जनी पाठीवर, दोन्ही बोटं पाठीच्या मागच्या कडेला. तिथे नांगी पोचत नाही. घट्ट दाबायचं नाही, कवच टाकून नुकतीच मऊ झालेली असेल तर पाठ दबते. नांगीला धरून तर अजिबात उचलायची नाही, घाबरून ती नांगी सोडून देते. पुढच्या कात टाकण्याच्या वेळी ती हळूहळू परत येते, पण लहान येते. म्हणूनच एक नांगी मोठी आणि एक लहान या फरकावरून जात ठरवू नका.

उलटी केली की पोटाची घडी केलेली पट्टी दिसते. रुंद, गोल, सगळं पोट झाकणारी असेल तर मादी. अरुंद असेल तर नर. या कुलातल्या बऱ्याच नरांची पट्टी इंग्रजी टी अक्षरासारखी असते: बुडाशी रुंद, मग दोन्ही बाजूंनी आत गेलेली आणि पुढे लांबट. हिमालयात आणि ईशान्य भारतात जे दुसरं मोठं कुल आहे, पोटॅमिडी, त्यातल्या नरांची पट्टी सरळ त्रिकोणी असते. पिल्लं किंवा अंडी दिसली तर पट्टी उघडायची नाही, एक फोटो घ्यायचा आणि लगेच खाली ठेवायचं.

खरी ओळख नराच्या या पट्टीखाली दडलेली असते. तिथे काड्यांसारख्या दोन जोड्या असतात, त्यातली पहिली जोडी म्हणजे पहिले जननपाद. त्यांचं टोक सरळ आहे की वळलेलं, जाड आहे की निमुळतं, यावर जातींची वर्णनं उभी आहेत. दुसरी खूण तोंडात असते. जबड्याला जोडलेल्या छोट्या स्पर्शकाचं टोक या कुलात दोन पाळ्यांचं असतं, पोटॅमिडीत साधं. या दोन्ही गोष्टी जिवंत प्राण्यावर उचकटून पाहायच्या नाहीत. मी विद्यार्थ्यांना त्या स्वयंपाकघरात शिकवते. पावसाळ्यात बाजारात टोपलीत किरव्या येतात. रस्सा करायच्या आधी एका मेलेल्या नराची पट्टी चिमट्याने उचला, भिंग धरा आणि फोनने फोटो काढा. चार-पाच नर असे पाहिले की डोळा तयार होतो. घाटात गाडीखाली आलेल्या किरव्याही याच कामाच्या. आणि रस्सा चांगला शिजवा. अर्धवट शिजलेल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून फुफ्फुसात शिरणाऱ्या चपट्या कृमीचा आजार माणसाला होतो.

चेहऱ्याकडेही लक्ष द्या. किरवीला डोळ्यांच्या रेषेत धरून समोरून फोटो घ्यायचा. दोन डोळ्यांमधल्या कडेच्या खाली एक त्रिकोण उठलेला दिसतो का, तो पूर्ण आहे की अर्धवट, हे प्रजाती ठरवताना कामाला येतं. डोळ्यामागे पाठीवर आडवी उठलेली कड किती ठळक आहे, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यामागचा छोटा दाता टोकदार आहे की बोथट, हेही पाहा. तोंडावर दोन झडपा असतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक काडीला चाबकासारखा केस आहे की नाही, हे भिंगातून दिसतं. काही प्रजातींत तो लांब असतो, काहींत नसतोच. एकूण पाच फोटो लागतात: वरून, खालून, समोरून, दोन्ही नांग्यांचा, आणि ज्या जागी सापडली तिचा. पहिल्या चारांत शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. रुंदी पाठीच्या सर्वांत फुगीर भागाची मोजायची, पाय धरून नाही.

आता प्रजातींकडे. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त भेटणारी, बांधातली, ओढ्यातली, बाजारातली मोठी किरवी बहुधा बॅरिटेल्फुसा. तिच्यातल्या क्युनिक्युलॅरिस आणि गेरिनी या दोन जाती सर्वांत परिचित. क्युनिक्युलॅरिस म्हणजे सशासारखी बीळ करणारी. कर्नल साइक्स मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनभर हिंडले होते. त्यांनी आणि वेस्टवुड यांनी १८३६ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्राच्या नियतकालिकात या दख्खनी खेकड्याची माहिती छापली. तेव्हा प्रजातीचं नाव थेल्फुसा होतं. पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या अल्कॉक यांनी १९०९ मध्ये बॅरिटेल्फुसा हे नाव आणलं, तेही आधी पॅराटेल्फुसाची उपप्रजाती म्हणून. त्यामुळे जुन्या पुस्तकांत हीच किरवी वेगवेगळ्या नावांनी भेटते. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा: जातीच्या नावापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल कंसात असेल, तर ती जात मूळच्या प्रजातीतून दुसरीकडे हलवलेली आहे. कंस नसेल तर ती जिथे नोंदली तिथेच आहे. कुलाचंही असंच झालं. आपल्या पाठ्यपुस्तकांत पॅराथेल्फुसिडी हे वेगळं कुल सापडेल. २००९ पासून ते गेकार्सिनुसिडीतच मिळवलं आहे.

लहान किरव्यांकडे आलं की मात्र मी स्वतःला आवरते, कारण इथे घाई महाग पडते. २०१४ मध्ये पाटी आणि शर्मा यांनी घाटियाना ही प्रजाती मांडली. दोन-तीन सेंटिमीटरच्या या किरव्या पाण्यापेक्षा ओल्या कातळावर, भोकांत, झुडपांत जास्त असतात, आणि रंग असे की पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. नावंच पाहा: ऑरँशियाका म्हणजे नारिंगी, अॅट्रोपर्प्युरिया म्हणजे गडद जांभळी. २०२२ मध्ये कर्नाटकात यल्लापूरकडची एक दुरंगी जात आली, तिचं नाव द्विवर्णा. सड्यांवरच्या दगडांखाली गुबर्नेटोरियाना आणि २०१८ मध्ये पाटी-ठाकरे यांनी वेगळी काढलेली सह्याद्रियाना. सह्याद्रियानातल्या काही जाती त्याआधी गुबर्नेटोरियानात गणल्या जात होत्या, म्हणजे या दोन पाठीवरून वेगळ्या करायला जाऊच नये. गेकार्सिनुकस मोठी असली तरी बॅरिटेल्फुसाबरोबर गल्लत होते, तिथे तोंडावरच्या झडपेची काडी आणि जननपाद पाहावे लागतात.

रंग ही लहान किरव्यांत चांगली सुरुवात आहे, पण निकाल नाही. पिल्लं मळकट असतात, कात टाकण्याआधी रंग विटतो, लोहाच्या पाण्यात पाठीवर गंज चढतो. मला एकदा एका विद्यार्थ्याने एकाच कातळावरच्या तीन रंगांच्या किरव्यांचे फोटो आणून "तीन जाती" म्हणून दाखवले. आम्ही परत गेलो, दोन रात्री बसलो. दोन पिल्लं होती आणि एक पूर्ण वाढलेली मादी.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, ती तुमच्याकडून होऊ नये. परवानगीने काढलेले काही नमुने मी अल्कोहोलात ठेवले आणि आत चिठ्ठी घातली, बॉलपेनने लिहिलेली. सहा महिन्यांनी बाटली उघडली तेव्हा शाई पाण्यासारखी पसरली होती. किरव्या शाबूत, जागा गेलेली. चार प्राणी मारले गेले आणि ते कुठले हे आता कुणालाच कळणार नाही. अजूनही ती बाटली माझ्या टेबलावर आहे. चिठ्ठी जाड कागदावर, पेन्सिलीने, आणि बाटलीच्या आत. हौशी माणसाने मात्र नमुना काढूच नये. फोटो आणि जागा एवढं पुरतं. खरंच वेगळं काही वाटलं तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथल्या तज्ज्ञांना विचारा.

शेजारच्या राज्यात किंवा परदेशात असलेल्यांसाठी पसाऱ्याचं थोडं सांगते. दक्षिण भारतातल्या भातशेतीत ओझिओटेल्फुसा आणि स्पायरॅलोथेल्फुसा भेटतात. श्रीलंकेतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या सगळ्या जाती याच कुलातल्या, आणि जवळजवळ सगळ्या फक्त तिथल्याच. गंगेच्या मैदानात आणि बंगालात सार्टोरियाना. तिथून म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपाईन्स, न्यू गिनी करत कुल उत्तर ऑस्ट्रेलियात पोचतं. तिथल्या ऑस्ट्रोथेल्फुसा कोरड्या मुलखात बिळात दुष्काळ काढतात. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीच्या मुलाने अशा बिळाचा फोटो पाठवला होता. तोंडाशी चिखलाचं तेच धुराडं, तोच आकार, मी लगेच ओळखलं.

आफ्रिकेत आणि सेशेल्समध्ये मात्र हे कुल नाही. पूर्वी तिथले काही खेकडे यातच गणत आणि भारत आफ्रिकेपासून तुटून आला तेव्हा किरव्या बरोबर घेऊन आला असं मानत. मुलांना ही गोष्ट फार आवडते, मलाही आवडायची. पण डीएनए तपासल्यावर सेशेल्सचे खेकडे आफ्रिकेच्या पोटॅमोनॉटिडी कुलात गेले. २०१० मध्ये छापलेल्या एका अभ्यासात भारतीय किरव्यांचे पूर्वज आग्नेय आशियातून काही कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळात इकडे आले असं दिसलं, म्हणजे भारत आशियाला पूर्ण भिडायच्याही आधी, दोन्ही भूभाग जवळ आले असताना. आता मी वर्गात नकाशावर बाण पूर्वेकडून काढते.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे म्हणून लिहिते. २०१९ च्या जुलैमध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि दोष खेकड्यांवर टाकला गेला. किरवी बांधाला बीळ करते आणि त्यातून खाचराचं पाणी झिरपतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. म्हणून तर तो दर पावसाळ्यात फावडं घेऊन बांधाभोवती फिरतो आणि भोक दिसलं की चिखलाने बुजवतो.

शेवटी वहीतली नोंद कशी असावी त्याचा नमुना देते. गेल्या जुलैतली माझीच आहे, जशी लिहिली तशी.

"आंबा घाट, रत्नागिरीकडची उतरण. रस्त्याकडेचा ओला कातळ, जमिनीपासून हातभर वर, भोकात. रात्री ९:१०, पाऊस थांबून अर्धा तास. नर. रुंदी २४ मि.मी. पाठ जांभळट, नांग्यांची टोकं फिकट. डावी नांगी लहान, बहुधा नव्याने आलेली. पाच फोटो. जननपाद पाहिले नाहीत. त्याच भोकाशी सोडला, आत गेला. कुल: गेकार्सिनुसिडी. प्रजाती: घाटियाना असावी. जात:"

त्यापुढची जागा अजून कोरी आहे.